हलिमाबीचं कोपर आणि माझं शहाणपण

चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, पण घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात माझं नाव झालं ते एका कोपरामुळे, आणि तेही चेष्टेनं. दुसऱ्या एका कोपरानं ती चेष्टा कायमची बंद केली. पहिलं कोपर मी हसत सांगतो. दुसरं बायको आणि ज्यांचं त्यांना सोडून आजवर कुणाला पूर्ण सांगितलं नव्हतं. आता वय झालंय, दवाखान्याला कुलूप लावूनही दिवस झाले. तेव्हा दोन्ही एकदमच सांगून टाकतो.

पुण्याहून एल.सी.पी.एस. ही डॉक्टरकीची पदविका घेऊन मी घोडेगावात दवाखाना थाटला तेव्हा महायुद्ध चालू होतं. नगर-औरंगाबाद रस्त्याला लागून दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत रोग्यांसाठी बाकडं, मागच्या खोलीत एक लाकडी टेबल, हत्यारं उकळायला स्टोव्ह, आणि बापूराव कंपाउंडर. बापूराव पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात फौजी दवाखान्यात ड्रेसर होते. मी जन्माला येण्याआधीच त्यांनी हजारभर जखमा धुतल्या होत्या. पण माझ्याजवळ सर्टिफिकेट होतं, तेही काचेच्या चौकटीत, आणि ती चौकट मी अशा भिंतीवर लावली होती की बाकड्यावर बसलेल्याला दुसरं काही दिसूच नये.

बाजारच्या दिवशी गावाचं रूप बदलायचं. नेवाशाकडून, शेवगावकडून, गोदावरीपलीकडच्या मोगलाईतूनसुद्धा बैल यायचे. जिथे एवढी शिंगं आणि एवढे खूर एका मैदानात, तिथे डॉक्टरला काम कमी पडत नाही. बोटं चेंगरायची, बरगड्या मोडायच्या, मांडीत शिंग घुसायचं. या सगळ्याला मी घाबरत नव्हतो. मी घाबरायचो ते सांध्याजवळच्या जखमेला.

त्याचं कारण सोप्या शब्दांत सांगतो. सांधा म्हणजे एक बंद खोली असते. आत दोन हाडांची टोकं असतात, आणि ती एकमेकांवर सहज सरकावीत म्हणून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा थोडासा चिकट रस असतो. बाहेरची घाण या खोलीत कधी शिरत नाही. पण एखादी जखम खोलवर गेली आणि खोलीच्या भिंतीला भोक पडलं, तर शेणामातीतले जंतू आत जातात. मग तिथे पू होतो. त्या काळी एवढं झालं की हात तरी जायचा नाहीतर माणूस. म्हणून सांध्याजवळ जखम दिसली की डॉक्टरने पहिला प्रश्न विचारायचा असतो : जखम आत गेलीय, की नुसती वरवरची आहे? वरून दोन्ही सारख्याच दिसतात. सगळी अडचण तीच.

पहिलं कोपर रंभाजी दलालाचं. उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून बैलांचा भाव ठरवणारे जे दलाल असतात, त्यांच्यातला हा मोठा. एकदा गाडीवरून उतरताना घसरला आणि कोपरावर पडला. खाली दगड होता. कोपराचं टोक फुटलं. मी जखम पुसली, तर आतून पारदर्शक, चिकट पाणी आलं. बोटाला लावून ताणलं, तर तार निघाली.

पुस्तकातलं ते पान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सांध्याचा रस! मी बापूरावांकडे पाहिलं. बापूराव शांतपणे कापूस पिंजत होते.

"बापूराव, सांधा उघडा पडलाय," मी म्हणालो.

"असेलही," ते म्हणाले. "पण गडी हात तर चांगला हलवतोय."

"हलवू देऊ नका त्याला!" मी ओरडलो.

रंभाजीचा हात मी फळीला बांधला, तापाच्या गोळ्या दिल्या, एक लांबलचक चिठ्ठी लिहिली आणि त्याला नगरच्या मोठ्या इस्पितळात रवाना केलं. पेट्रोलची टंचाई होती, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. इमामपूरच्या घाटात ती मोटार बसली. सगळे उतारू खाली उतरून ढकलू लागले. ज्याच्या जिवाला धोका आहे असं मी चिठ्ठीत लिहिलं होतं तो रंभाजीही फळी बांधलेला हात वर धरून दुसऱ्या हातानं आणि खांद्यानं मोटार ढकलत होता. हे त्यानंच नंतर सगळ्या बाजाराला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. कोपरावर दोन टाके होते आणि हातात माझ्यासाठी सर्जनसाहेबांची चिठ्ठी. चिठ्ठी इंग्रजीत होती. तिचा अर्थ असा : ही जखम सांध्याची नाही, कोपराच्या टोकावरच्या पिशवीची आहे. चिकट दिसेल ते सगळंच सांध्यातलं नसतं.

गोष्ट खरी होती. कोपराच्या टोकावर, कातडीच्या लगेच खाली, एक छोटी पिशवी असते. आपण कोपर टेकून बसतो तेव्हा हाडाला गादी मिळावी म्हणून निसर्गानं ती दिलेली. तिच्यातलं पाणीही तसंच चिकट असतं. ही पिशवी फुटली तर घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. पुस्तकात हेही लिहिलं होतं. फक्त ते पुढच्या पानावर होतं, आणि मी मागच्याच पानावर घाबरून थांबलो होतो.

त्यानंतर बाजारात माझं नाव पडलं "कोपराचा डागदर". मी रस्त्यानं निघालो की कुणीतरी बाही वर सारायचा आणि म्हणायचा, "डागदर, बगा की, तेल गळतंय का!" एकदा तर एक जण बैलाचं पुढचं कोपर दाखवत म्हणाला, "ह्यालाबी नगरला न्यावा लागंल का?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाऊन बायकोवर उगाचच चिडलो, आणि मनाशी ठरवलं की पुन्हा कुठलंही कोपर पक्की खात्री पटल्याशिवाय नगरला पाठवायचं नाही. याला मी तेव्हा शहाणपण म्हणत होतो.

दुसरं कोपर आलं ते युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात.

हलिमाबी मणियारीण बाजारात बांगड्या विकायची. चाळिशीच्या आसपासची, आवाजानं खणखणीत बाई. तिचा नवरा उस्मानभाई गावात शिंपीकाम करायचा. मणियारांच्या घरात शिवणाचं मशीन आणणारा तो पहिलाच. तो जेवढा मुका, तेवढी ती बोलकी. माझ्या बायकोला आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायची ती हलिमाबीच.

त्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती, म्हणून तिनं नवऱ्याचा लांब बाह्यांचा जुना सदरा साडीवर चढवला होता. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती बैलांच्या रांगेमधून चालली होती. मागच्या एका बैलानं मान झटकली आणि शिंगाचं टोक तिच्या उजव्या हातात घुसलं. ती दवाखान्यात आली ती हाताकडे न बघता, टोपलीसाठी रडत.

"अख्खी टोपली वाढवली डागदर," ती म्हणाली. बांगड्या 'फुटल्या' असं ती कधी म्हणायची नाही. "हिरव्या, लाल, समद्या. सनाच्या हुत्या."

"हलिमाबी, हात दाखवा."

मी सदरा काढायला सांगितला आणि तिचा हात टेबलावर सरळ ठेवला. हे शब्द लक्षात ठेवा, मी हात सरळ ठेवला. जखम लहान होती, बोटाच्या पेराएवढी. कोपराच्या सांध्यापासून चांगली दोन बोटं वर, मागच्या बाहेरच्या अंगाला. मी उकळलेली सळई आत घातली. थोडी आत जाऊन ती अडली. चिकट पाणी नव्हतं, रक्त होतं. मी हात थोडा वाकवून पाहिला. दुखत होतं, पण वाकत होता.

खरं सांगतो, माझ्या मनात त्या क्षणी हलिमाबी नव्हती. रंभाजी होता, सर्जनसाहेबांची चिठ्ठी होती, आणि पुन्हा एकदा कोपर नगरला गेलं तर बाजारात काय काय ऐकावं लागेल याचा हिशोब होता.

"सांध्याच्या वर आहे," मी म्हणालो. "धुऊन टाके घालतो."

बापूराव जखम धूत होते. खाली मान घालूनच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, शिंगाची जखम आहे. फौजेत आम्ही असली जखम शिवत नव्हतो. चार-पाच दिवस उघडी ठेवायचो. आत घाण असली तर बाहेर यायला वाट राहते."

"ही फौज नाही, बापूराव."

"नाही, पण घाण तीच."

"तुम्ही दोरा आणा," मी म्हणालो. त्यांनी दोरा आणला.

मी चार टाके घातले. सुबक घातले. आजही ते टाके डोळ्यांपुढे आले की ते किती सुबक होते हे आठवतं आणि जास्तच लाज वाटते. वर जंतू मारणारी सल्फाची पूड टाकली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "थोडं दुखेल, ताप येईल, घाबरू नका. तिसऱ्या दिवशी या."

तिसऱ्या दिवशी दोघं आली. हलिमाबी चालत आली, पण तिचा चेहरा पाहूनच बापूराव बाकड्यावरून उठले. कोपर दुपटीनं सुजलेलं होतं. अंगात ताप होता. हात थोडा वाकलेल्या अवस्थेत छातीशी धरला होता आणि कुणी जवळ आलं तरी ती ओठ दाबून घ्यायची. बडबडणारी बाई एक अक्षर बोलत नव्हती.

ताप का, सूज का, हे मला कळत होतं. पण कळूनही मी मनातल्या मनात वाद घालत होतो. जखम तर सांध्याच्या वर आहे. कातडीखाली पू झाला असेल. सांधा नाही. सांधा कसा असेल?

तेवढ्यात उस्मानभाईनं काखेतली घडी उलगडली. तो सदरा होता, धुतलेला.

"डागदर, एक इचारू का?" तो म्हणाला. लग्नानंतर त्यानं स्वतःहून विचारलेला बहुधा हा दुसरा-तिसरा प्रश्न असेल. "ह्यो सदरा रफू कराया घेतला. भोक बघा कुठं हाय. हात सरळ क्येला तर भोक कोपराच्या खाली येतंय. आन् हिची जखम कोपराच्या वर. चार बोटांचं अंतर. एकच शिंग हुतं ना? मग ह्ये कसं?"

"कपडा सरकतो," मी म्हणालो.

"सरकतो की," तो म्हणाला. "म्हनून तर इचारतोय. बाही आमी सरळ हातावर मापतो, पन ती फाटती वाकल्या हातावर."

मी त्याच्याकडे पाहिलं. मग सदऱ्याकडे. मग मी जे केलं ते त्या दिवशी दवाखान्यात बसलेले पाच-सहा लोक पुढे कित्येक महिने सांगत होते. मी माझा कोट काढला आणि तो सदरा अंगात घातला.

"हलिमाबी, बैलानं मारलं तेव्हा हात कसा होता?"

तिनं डाव्या हातानं डोक्याकडे खूण केली. "टोपली धरली हुती."

कोपऱ्यात औषधाच्या बाटल्यांची टोपली होती. बापूरावांनी ती रिकामी करून माझ्या डोक्यावर ठेवली. मी उजव्या हातानं ती धरली. माझ्या कोपराकडे मला नीट बघता येईना, म्हणून बापूरावांनी दाढीचा आरसा धरला. आतापर्यंत कोपराच्या खाली लोंबणारं ते भोक बाहीबरोबर वर चढलं आणि कोपराच्या टोकाशेजारच्या मऊ खळग्यावर येऊन बसलं.

हा खळगा तुम्हीही शोधू शकता. हात वाकवा. कोपराचं टोक, त्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा, आणि थोडं खाली, तळहात फिरवला की बोटाखाली फिरणारं हाडाचं गोल डोकं, या तिघांच्या मध्ये अंगठा दाबला की मऊ लागतं. सांधा कातडीच्या सर्वांत जवळ असतो तो तिथेच. शिंग बरोबर तिथून आत गेलं होतं. नंतर मी हात सरळ केला तेव्हा कापड खाली घसरलं आणि कातडी वर सरकली. आतलं भोक जागच्या जागी राहिलं, आणि वरचं भोक दोन बोटं दूर गेलं. माझी सळई अडली ती यामुळेच. जखम उथळ नव्हती, मी तिला चुकीच्या दारातून हाक मारत होतो.

डोक्यावर टोपली, अंगात फाटका सदरा, समोर भिंतीवर माझं सर्टिफिकेट. बाकड्यावरची एक बाई पदराआड हसली. तिला वाटलं डॉक्टर काहीतरी गंमत करतोय.

मी टाके कापले. आतून जे आलं ते गढूळ होतं, पिवळट होतं, आणि बोटांत ताणलं तर अजूनही त्याची थोडी तार निघत होती. या वेळी ते पिशवीतलं नव्हतं.

"नगरला जायचंय," मी म्हणालो. "मी बरोबर येतो."

इमामपूरच्या घाटात मोटार पुन्हा बसली. या वेळी मी उतरून ढकलली. उस्मानभाई आत हलिमाबीचा हात दोन्ही हातांत धरून बसला होता, खड्ड्यात तो हलू नये म्हणून.

सर्जनसाहेब उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. मला वाटलं होतं ते चिठ्ठीची आठवण काढतील. त्यांनी काढली नाही. त्यांनी सांधा उघडून धुतला. पेनिसिलीन तेव्हा नगरला नुकतंच मिळू लागलं होतं. दर तीन तासांनी सुई, असं आठ दिवस चाललं. हात कापावा लागला नाही. जीव वाचला. मला त्यांनी बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "डॉक्टर, पुढच्या वेळी शंका आली तर उकळलेलं मिठाचं पाणी सुईनं दुसऱ्या बाजूनं सांध्यात भरा. जखमेतून बाहेर आलं, तर सांधा उघडा पडलाय समजा. आणि शंका आलीच नाही, तर स्वतःवर शंका घ्या."

मग ते हलिमाबीच्या खाटेकडे गेले आणि मराठीत म्हणाले, "बाई, उशीर झाला. एक दिवस आधी यायला हवं होतं."

मी शेजारी उभा होतो. उशीर झाला होता हे खरं, पण तो माझ्या सांगण्यावरून. मीच म्हणालो होतो, दुखेल, ताप येईल, तिसऱ्या दिवशी या. आणि उशिरापेक्षा मोठी गोष्ट होती ते टाके. घाण आत कोंडून वरून दार शिवून टाकणारा मीच. सर्जनसाहेबांना हे दिसत होतं. पण एका डॉक्टरनं दुसऱ्याची लाज रोग्यापुढे काढायची नाही, अशी त्यांची रीत होती. त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. मी ते ओढून घेतलं.

हलिमाबीनं नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत?" ती म्हणाली. "मी आदल्या दिशीच म्हनत हुते, दुखतंय. तुमी म्हनला, डागदरनं तिसऱ्या दिवशी बलीवलंय."

उस्मानभाईनं तिच्या हाताखालची उशी सारखी केली.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा नगरला गेलो, तेव्हा सर्जनसाहेबांनी सांगितलं की सांधा आता वाकणार नाही. हाडं एकमेकांना चिकटणार आणि हात एकाच कोनात कायमचा राहणार. तो कोणता कोन, हे मात्र आत्ता ठरवता येईल, कारण प्लास्टरमध्ये जसा ठेवू तसाच तो जुळेल. "उजवा हात आहे," ते म्हणाले. "काटकोनाहून थोडा जास्त वाकवतो. म्हणजे घास तोंडाशी जाईल."

हलिमाबीनं विचारलं, "ह्याच्यात बांगडी भरता यील का?"

सर्जनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बांगडी कशी भरतात हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आयुष्यभर घरात बांगड्या वाजताना ऐकल्या, पण भरताना कधी नीट पाहिलं नव्हतं.

"डागदर, हितं बसा," ती मला म्हणाली. मी खाटेच्या कडेला बसलो. तिनं नर्सला जवळ बोलावलं. मग डाव्या हातानं तिनं माझा उजवा हात धरला, माझी बोटं नर्सच्या हाताशी नेली, आणि माझं कोपर थोडं उघडलं, थोडं मिटलं, पुन्हा उघडलं. डोळे बारीक करून ती माझ्या हाताकडे असं बघत होती, जसा उस्मानभाई कापडाकडे बघायचा.

"ह्यो," ती म्हणाली. "डाव्यानं पंजा दाबायचा, उजव्यानं बांगडी चढवायची. ह्याच्याहून वाकला तर जोर लागत न्हाई. बांगडी वाढती."

तो कोन काटकोनाहून बराच उघडा होता. सर्जनसाहेब म्हणाले, "बाई, मग हा हात तोंडाशी पोचणार नाही. डाव्या हातानं जेवावं लागेल."

तिच्या घरात काय आणि माझ्या घरात काय, डाव्या हातानं घास घेणं ही लहान गोष्ट नव्हती. चारचौघांत, लग्नात, ईदला ताटावर बसायचं आणि डावा हात पुढे करायचा. मी म्हणालो, "हलिमाबी, जेवणाचा विचार करा. बांगड्यांचं काय, दुसरं काही काम..."

"दुसरं काय?" ती म्हणाली.

उस्मानभाई खाटेच्या पायाशी उभा होता. तो म्हणाला, "घास मी भरवीन. तू कोन तुला पायजे तो घे."

"सपशेल येडा हाय," ती सर्जनसाहेबांना म्हणाली. "पन घ्या तसाच."

तसाच घेतला. चार-पाच महिन्यांनी हलिमाबी पुन्हा बाजारात आली. टोपली आता उस्मानभाई आणून द्यायचा. तिचा हात काठीसारखा पुढे यायचा, खांद्यातून हलायचा, पण बांगडी चढायची. बायका म्हणायच्या की पहिल्यापेक्षा हळू चढते, पण दुखत नाही. मला 'कोपराचा डागदर' म्हणणं बाजारानं बंद केलं. सदरा घालून, टोपली डोक्यावर घेऊन रोग ओळखणारा डॉक्टर म्हणून माझं कौतुक होऊ लागलं. शेवगावपर्यंत बोलबाला झाला. मी नाही म्हटलं नाही.

दोन वर्षांनी संक्रांतीच्या आधी हलिमाबी आमच्या घरी बायकोला बांगड्या भरायला आली. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"हात माजा ह्यांनी घालवला," ती नवऱ्याविषयी बोलत होती. "येक दिवस आधी आनला असता तर वाकला असता. सर्जननं तोंडावर सांगितलं. रोज भरवतो, पन मी रोज बोलते. बोलल्याबिगर घास गिळत न्हाई."

ती गेल्यावर बायको आत आली. तिला मी सगळं सांगितलं होतं, तिच्याजवळ कधीच लपवलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी उस्मानभाईच्या घरी गेलो. तो एकटाच मशीनवर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. टाके माझे. तिसरा दिवस माझा. बापूरावांनी सांगितलं होतं तरी ऐकलं नाही. तुम्ही काही चुकला नाही. चूक माझी.

त्यानं पाय थांबवला. मशीनचं चाक थोडा वेळ फिरत राहिलं, मग तेही थांबलं. मला वाटलं आता हा उठून माझी कॉलर धरेल. धरली असती तर बरं झालं असतं.

"तिला सांगितलं?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. आता तिला सांगतो."

"नगा सांगू," तो म्हणाला. "गावात दुसरा डागदर न्हाई. तिला तुमच्यावर भरोसा हाय, तुमच्या सदऱ्याची गोष्ट ती समद्यांना सांगती. उद्या भरोसा गेला, तर ताप आला तरी ती येनार न्हाई. आन् तिच्या मागं बायकाबी येनार न्हाईत. मला बोलती तर बोलूंदे. मला सवय हाय." मग तो पुन्हा चाकाला हात लावत म्हणाला, "आता टाके जपून घाला म्हंजे झालं."

मी त्याच्या शब्दाला मान दिला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. रोग्यांचं हित, गावाचा विश्वास, उस्मानभाईची इच्छा, अशी कारणं मी ओळीनं मांडली आणि ती सगळी खरी होती. पण त्याच्या घरातून बाहेर पडताना मला जे वाटलं ते समाधान नव्हतं, सुटका होती. सुटका वाटली याची मला लाज वाटली, पण लाज वाटूनही मी परत फिरलो नाही. त्यानंतर मी शिंगाची एकही जखम शिवली नाही. प्रत्येक रोग्याला आधी विचारलं, "लागलं तेव्हा काय करत होता?" आणि तसं करून दाखवायला लावलं. मिठाच्या पाण्याची सुई वापरून चार-पाच सांधे वाचवले. त्यांच्या वेळी लोक माझे पाय धरायचे. मी पाय मागे घ्यायचो, आणि लोकांना वाटायचं डॉक्टर किती विनयी.

उस्मानभाई पुढे दोन-एक वर्षांनी छातीच्या दुखण्यानं गेला. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी हलिमाबीला भेटायला गेलो. ती दारात बसली होती. मी ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, नवऱ्याला सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं. तो काय म्हणाला होता तेही सांगितलं.

ती ऐकत होती. तिचा उजवा हात त्याच कोनात मांडीवर होता. डाव्या हातानं ती त्याचं कोपर चोळत होती. बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "मंग मी बोलायची तवा ह्यो गप का बसायचा?"

"तुमचा माझ्यावरचा भरोसा जाऊ नये म्हणून."

"येडा," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "येडा हुता." पदरानं तिनं डोळे पुसले. मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "ह्यो येडा हुता म्हनून गप बसला. आन् तुमी?"

हित, विश्वास, इच्छा, ती सगळी कारणं माझ्याजवळ तयार होती. ती तोंडापर्यंत आली.

"मी भ्यालो होतो, हलिमाबी," मी म्हणालो.

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि नंतरही कधी म्हणाली नाही. ती उठली, आत गेली, आणि डाव्या हातात कपबशी घेऊन बाहेर आली.

"च्या घ्या," ती म्हणाली. "निवतोय."